शेवटची दहा मिनिटं

खेळ संपायला दहा मिनिटं उरली की ती उठायची. वर्तमानपत्रात सिनेमांची परीक्षणं लिहायची. साडेचारला मजकूर द्यायचा आणि कचेरी बसनं तीन थांबे लांब, म्हणून शेवट अंदाजानंच. त्या दुपारीही वही छातीशी धरून ती लगबगीनं बाहेर पडली नि जिन्यात थेट प्रोजेक्टर चालवणाऱ्याच्या चहावर धडकली.

"आजही शेवट राहिला तुमचा," भिजली बाही झटकत तो म्हणाला.

"अमेरिकन फुटबॉलचा सिनेमा आहे. शेवटची फेक, झेल, सगळं गाव रडतं. कळतो की शेवट."

"चेंडू सुटतो हातातून."

ती थबकली. वहीत दोन रकाने होते. तिच्या सदराची तीच ओळख. 'जमलं'खाली चिखल, हेल्मेटांचा खणखणाट, आईचा मुका अभिनय. 'फसलं'खाली प्रशिक्षकाची लांबलचक भाषणं, खेळाचे नियम न कळणाऱ्यांचे हाल... आणि ठळक अक्षरांत – ठरलेला विजय. मागच्या महिन्यातच एक शेवट चुकला होता. आणखी एक चुकला तर सदर बंद, असं संपादकांनी बजावलं होतं.

बस चुकेल, ती पुटपुटली. स्कूटर आहे माझी, म्हणत त्यानं सभागृहाचं दार उघडून धरलं.

पडद्यावर चेंडू सुटला. दोन तास भाषणं ठोकणारा प्रशिक्षक आता एक शब्द बोलला नाही. हरलेल्या खेळाडूपुढे चिखलात बसला, नि त्याच्या बुटाची नाडी हलकेच सोडू लागला. तिचे डोळे कधी भरले, तिलाच कळलं नाही. 'ठरलेला विजय' तिनं अंधारातच खोडला.

कचेरीच्या दारात स्कूटर थांबली. ती दरवेळी आधीच उठते, हे त्याला कसं ठाऊक, तिनं विचारलं.

"वरच्या खिडकीतून पडदा दिसतो... आणि पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची. दोन वर्षं झाली. ती रिकामी झाली की माझाही सिनेमा संपतो."

वारा तिच्या ओढणीशी खेळत राहिला. ती वहीत काहीतरी खरडू लागली. मग कागद फाडून तिनं त्याच्या हाती दिला.

जमलं – वळणावर स्कूटर सावकाश घेतो. फसलं – दोन वर्षं गप्प बसला.

"आणि शेवट?" त्यानं हळूच विचारलं.

"तो अंदाजानं लिहिणं आजपासून सोडलं." पायरीवरून ती वळली. "शुक्रवारी माझ्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवा. मी दिवे लागेपर्यंत बसणार आहे."