शहपुऱ्याच्या बोअरमधली हाक

खोटं वाटलं तर वाटो. ही गोष्ट माझ्या आतेबहिणीची, विनताताईची आहे. सांगताना ती दोनदा उठून दाराची कडी बघून आली.

रात्र नव्हती. हिवाळ्यातली उतरती दुपार होती. जागा शहपुऱ्याच्या पुढची, नाल्याकाठची.

ताई भूगर्भशास्त्रज्ञ. कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड खोल खडकात कायमचा कोंडता येईल का, हे तपासायचं तिचं काम. खडक कितीही चांगला असो, जुनं बोअर नीट बुजवलेलं नसेल तर गॅस तिथून वर येणार. तसलंच एक बोअर बघायला शैलेंद्रकाकांनी तिला पाठवलं होतं.

काका तिचे साहेब. त्याआधी वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर तिचं शिक्षण, नोकरी, सगळं त्यांनीच पाहिलं.

"तू हो पुढे, मी आलोच मागून," ते म्हणाले होते.

ड्रायव्हर नथ्थू जीपपाशी थांबला. ताई गॅसमीटर घेऊन पळसांतून निघाली. पुढे खोलगट होतं...

तिथे एकही पाखरू बोलत नव्हतं.

"विनता, इकडं ये बेटा."

काकांचा आवाज. पोचलेसुद्धा?

"आले काका!"

ती उतरू लागली. मीटर जोरजोरात वाजायला लागलं.

"बंद कर ते. मी पाहिलं आहे सगळं."

तिनं बंद केलं. काका सांगतात म्हटल्यावर विचारायचं काय?

आणखी खाली. तिनं झुडूप बाजूला सारलं...

कोणीच नव्हतं.

नुसता एक गंजका पाइप जमिनीतून वर आलेला. तोंड जेमतेम हात जाईल एवढं.

"अजून जवळ ये..."

आवाज त्या पाइपातून येत होता.

तिची छाती दाटली. डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आली तेव्हा ती वर बांधावर होती. नथ्थूनं ओढत आणलं होतं.

"दीदी, अकेले में किससे बात कर रही थीं?"

त्याला दुसरा आवाज ऐकूच आला नव्हता.

ती तशीच काकांच्या घरी गेली. ते अंगणात बसले होते. तिचे मातीनं भरलेले कपडे त्यांनी पाहिले. काय झालं, असं विचारलंच नाही.

"आवाज कोणाचा होता?"

ती अजून काहीच बोलली नव्हती.

"तुमचा."

"गौतमपण हेच म्हणाला होता. दवाखान्यात नेताना."

गौतम तिच्याच ऑफिसातला. मागच्या हिवाळ्यात कामावर असताना गेला. हृदय बंद पडलं, असं काकांनीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं? मग मला काहून पाठवलं, काका?"

"काम अडकून राहिलं होतं. कोणाला तरी जावंच लागत होतं. मी नाही जाऊ शकत, विनता... मला तिथून गौतम बोलावून राहिला."

ताईनं नोकरी सोडली. त्यांचं तोंड पाहिलं नाही.

परवा त्यांचा फोन आला. मी शेजारीच होते.

"कोणीच तयार नाही, म्हणून मलाच शहपुऱ्याला यावं लागलं. विनता... तू पण आली आहेस का? पळसांतून आता तूच हाक मारली ना?"

ताई इथे शहरात, चेरीतालच्या घरात, माझ्यासमोर बसली होती.

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं...

आणि फोन ठेवून दिला.

तेव्हापासून काकांचा फोन लागत नाही. ती काहून बोलली नाही, हे मी तिला विचारलेलं नाही.

आता मी हाक मारली तरी ताई ओ देत नाही. वळते, आणि आधी माझे ओठ बघते.