आमचा रामू मस्कतला असतो

"मीरा-भाईंदर परिसरात आजमितीस एकही मनोरुग्ण नाही!"

हे वाक्य नीलेशने वर्तमानपत्रातून अशा थाटात वाचलं, की जणू शहरातला अखेरचा मनोरुग्ण त्याने स्वतःच्या हाताने बरा करून नुकताच रिक्षात बसवून दिला होता. वाक्याखाली त्याचंच नाव छापलं होतं. नीलेश शिवलकर, चिटणीस, निरामय नागरी समिती. भेटीगाठींच्या फेरीत चहाला टेकलेले समितीचे अध्यक्ष उत्तमराव समोरच्या खुर्चीत बसून मान डोलवत होते. आणि नेमक्या त्याच मंगल क्षणी, बाहेरून कडी घातलेल्या आतल्या खोलीतून, ज्याचं या शहरात अस्तित्वच नव्हतं अशा एका इसमाचा आवाज आला.

"ताई, मला चहा नाय दिलास."

उत्तमरावांनी बशी खाली ठेवली. "आत कोण आहे?"

"रेडिओ," नीलेश म्हणाला.

"रेडिओ चहा मागतोय?"

"नाटक लागलंय साहेब. कौटुंबिक."

उत्तमरावांचं समाधान झालं. निवडणूक जवळ आलेल्या माणसाचं समाधान लवकर होतं.

सुगंधा ओट्यापाशी हातात सांडशी धरून उभी होती. तिच्या काळजात काहीतरी तडकलं, त्याचा आवाज तिलाच ऐकू आला... पण बाहेर येऊन तिने मुकाट्याने अध्यक्षांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. त्या घरात रेडिओ नव्हता. कधीच नव्हता! आत होता तो तिचा सख्खा भाऊ, नीलेशचा थोरला दादा, रामू. भाईंदर पूर्वेच्या कारखान्यात स्टीलची भांडी मशिनवर घासूनपुसून आरशासारखी करणारा, संध्याकाळी नखशिखांत काळा होऊन घरी येणारा, आणि त्या काळ्या हातांनी धाकट्या भावाच्या कॉलेजच्या वह्यांना कव्हरं घालणारा रामू. पुढे त्याला मशिनच्या घरघरीत माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. आधी ती बरं बोलत, मग शिव्या देऊ लागली. रामू कामावरून घरी आला आणि घरीच राहिला.

त्याच सुमाराला सुगंधाचं लग्न ठरलं होतं. पनवेलचं स्थळ. माणसं सज्जन, त्यांची एकच सूचना होती, की भावाची लग्नाआधी 'कुठेतरी सोय' करावी. सुगंधाने साखरपुड्याची साडी घडी न मोडता परत पाठवली. तिचा हा त्याग इतका शांतपणे झाला, की घरात कुणाच्या लक्षातच आला नाही. शेजारणींना वाटलं, साडीचा रंग आवडला नसावा.

मग नीलेशचं ठरलं. संजनाच्या वडिलांनी विचारलं, "थोरले काय करतात?" नीलेश म्हणाला, "मस्कतला असतात." रत्नागिरीकडच्या त्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. प्रत्येक घरातलं एक माणूस तिकडे आखातात होतंच. पण मस्कतला माणूस ठेवणं सोपं नसतं हो! दर गणपतीला मुंबईच्या बाजारातून खजूर, अत्तर आणि परदेशी साबण आणून सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटावे लागत. लोक साबण हुंगून म्हणत, "रामू गुणाचा! घरच्यांना विसरला नाही." आणि रामू दाराच्या फटीतून स्वतःची स्तुती ऐकत बसे. उत्तनच्या सॅव्हियोने तर रामूकडून व्हिसाचं जमतंय का म्हणून नीलेशच्या बेव्हर्ली पार्कच्या नव्या फ्लॅटवर खेपा घातल्या होत्या.

नवघरच्या या जुन्या घरात सुगंधा आणि रामू उरले, आणि पाहुणे आले की लावायची एक कडी.

दर महिन्याला बिल्डिंग उठायच्या आत सुगंधा त्याला ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यायची, इंजेक्शनसाठी. इंजेक्शन वेळेवर मिळालं की रामू रामूसारखा असे. भाजी निवडे, तिच्या शिलाई मशिनला तेल घाली. पण गर्दीत तो थरथरायचा. मागच्या खेपेला घोडबंदरच्या रस्त्यावर चालत्या बसमधून उतरायला निघाला, सुगंधाने सदरा धरला तो सदरा फाटला. त्याच्या आधीची खेपही अर्ध्यातूनच परतली होती. आता तो रात्र-रात्र भिंतीला कान लावून बसू लागला होता. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, इंजेक्शन चुकत गेलं तर याला इथेच ठेवून घ्यावं लागेल.

ठाण्याच्या त्या रांगेत तिला तारोडीची ऑड्रे भेटली होती. भाजीच्या बाजारातली ओळख. दोघी एकमेकींना बघून दचकल्या. "मी शेजारणीच्या सोबतीला आलेय," सुगंधा म्हणाली. "मी पण शेजारणीच्याच," ऑड्रे म्हणाली. मग दोघींच्या नसलेल्या शेजारणींची बरीच चौकशी झाली, आणि शेवटी ऑड्रेला हुंदका आवरेना! बाजारात ती ज्याला बोटीवर नोकरीला आहे म्हणून सांगायची, तो तिचा मुलगा मायकेल बोटीवर नव्हताच. त्या दिवशी दोघींनी मिळून महापालिकेला अर्ज केला, की नवघरच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर बसवावेत. खाली लिहिलं, 'काही नागरिक'.

अर्जाची गंभीर दखल घेतली गेली. म्हणजे समिती नेमली गेली. समितीने घरोघरी पाहणी केली. स्वयंसेवक जिन्यात उभे राहून, आजूबाजूची सगळी दारं उघडी असताना, खणखणीत आवाजात विचारायचे, "तुमच्यात कोणी वेडं आहे का?" आश्चर्य म्हणजे, कोणीच हो म्हणालं नाही.

उत्तमराव गेल्यावर नीलेशने घाम पुसला. "थोडक्यात वाचलो, ताई."

"डॉक्टर नाही मिळणार, म्हणजे?"

"रुग्णच नाहीत तर डॉक्टर कशाला देतील? रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. अहवाल वाचला की विषय संपला."

"नील्या... तूच लिहिलंस ते? तू?"

"मग काय करू? तू अर्ज करून बसलीस! मी मुद्दाम चिटणीस झालो. म्हटलं, घरची गोष्ट घरात राहील."

"घरात नाही रे. खोलीत. बाहेरून कडी लावून."

"संजनाला दिवस गेलेत, ताई!" नीलेशचा आवाज फाटला. "तिच्या माहेरी कळलं तर म्हणतील, रक्तातच आहे. जन्माला यायच्या आधीच पोरावर शिक्का बसेल. मला काय दादाचं वाईट वाटत नाही?"

"वाटतं ना. म्हणून तर दरवर्षी त्याच्या नावाने साबण वाटतोस!"

ती तरातरा गेली आणि तिने कडी काढली. रामू पलंगाच्या कडेला बसला होता. तिच्याकडे बघून ओशाळवाणं हसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, आवाज मोठा झाला का गं? आता बारीक लावतो."

हाय रे दैवा! ज्या भावाने धाकट्यासाठी स्वतःच्या तरुणपणाची माती केली, तो त्याच धाकट्याची लाज राखायला रेडिओ व्हायलाही तयार होता! सुगंधाला रडू यायला हवं होतं. अशा प्रसंगी येतं. पण तिला आला तो संताप... पायाच्या अंगठ्यापासून निघालेला, साबणाच्या सगळ्या वड्या, खजुराचे सगळे खोके, परत पाठवलेली साडी, सगळं पोटात घेऊन वर चढलेला लालबुंद संताप! तिने मशिनच्या खणातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दाराची कडी उखडायला घेतली. स्क्रू गंजले होते. एकही निघेना.

"तू काय करतेयस?" नीलेश ओरडला.

"धर जरा खालून," ती म्हणाली. आणि सवयीने, काय होतंय हे कळायच्या आत, नीलेशने कडी खालून धरली. ती निघून त्याच्याच हातात आली.

"जा घेऊन," सुगंधा म्हणाली. "तुझ्या ब्लॉकला लाव. रविवारी आम्ही दोघं येतोय."

रविवारी हॉल भरला, कारण सभेनंतर वडापाव होता. व्यासपीठावर 'मन निरामय तर नगर निरामय' असा कापडी फलक होता, त्याखाली उत्तमराव आणि माइकसमोर नीलेश. संजना पहिल्या रांगेत, वडिलांच्या शेजारी. नीलेशने अहवाल उघडला, घसा साफ केला, आणि मागच्या दारातून सुगंधा आत आली. तिने रामूचा हात घट्ट धरला होता. रामूने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गर्दी बघून तो पानासारखा कापत होता.

"तर, या परिसरात एकही..." नीलेश थांबला.

"वाच ना," सुगंधा म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती. "पुढे वाच! एकही नाही म्हण! अध्यक्षसाहेब, मला ठाण्याला जायला-यायला अख्खा दिवस जातो. या माणसाला मी धरून नेते, बांधलेल्या जनावरासारखं! दोन महिने त्याला सुई नाही. तुमच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर बसतात, दातांचे बसतात. मनाचे मागितले तर तुम्ही आम्हालाच शून्य करून टाकलंत! अहो, जिन्यात उभं राहून 'वेडं आहे का' विचारता? तुमच्या घरी येऊन मी चारचौघांत विचारू, 'तुमच्यात कोणी चोर आहे का?' काय उत्तर द्याल?"

वडापाववाल्याने सुद्धा कढईखालचा गॅस बारीक केला.

उत्तमराव बिचकले. ते नीलेशकडे वळले. "चिटणीस, या तर तुमच्याच घरच्या बाई ना? मग हे गृहस्थ कोण?"

नीलेशने संजनाच्या वडिलांकडे पाहिलं. त्याने संजनाकडे पाहिलं. सगळा हॉल त्याच्याकडे पाहत होता, आणि रामूसुद्धा. रामूने तो घामाने डबडबलेला चेहरा बघितला. लहानपणी नापास झाल्यावर नीलेशचा व्हायचा, अगदी तसा. मग रामूने ताईच्या हातातून आपला हात सोडवला, कापणारे दोन्ही हात जोडले आणि सभेला समजावून सांगितलं,

"साहेब, मी मस्कतला असतो. सुट्टीवर आलोय. उद्या जातो."

सुगंधाने डोळे मिटले.

माइकमधून एक विचित्र आवाज आला. तो नीलेशचा हुंदका होता. "नाही!" तो किंचाळला. "तो नाही मस्कतला! कधीच नव्हता! माझा दादा आहे तो... आजारी आहे... नवघरला आहे! कडी मी लावली होती, मी!" आणि तो व्यासपीठावरून पायऱ्या सोडून थेट उडी मारून खाली आला. संजनाचे वडील ताडकन उठले. संजनाने त्यांचा शर्ट मागून ओढला आणि म्हणाली, "बसा, बाबा. मला माहीत होतं." ते बसले. काय करणार, खुर्ची मागेच होती.

तेवढ्यात मधल्या रांगेतून ऑड्रे उभी राहिली. "माझा मायकेल बोटीवर न्हाय. घरान हाय. दार लावून बसलाय." बिल्डिंगमधली हंसा उठली, "मेरा जितेश सूरत में नहीं है. ऊपर के माले पे है." मग कोणी दुबईहून परत आला, कोणी गावाहून. व्हिसा मागणारा सॅव्हियो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "माझी बहीन पन कॉन्व्हेंटमधी न्हाय." बघता बघता आखाती देश रिकामे झाले! उत्तमरावांनी एवढी माणसं एका जागी निवडणुकीतही पाहिली नव्हती. त्यांनी मनातल्या मनात मतं मोजली आणि ताबडतोब माइक ओढून जाहीर केलं, की अहवालात किरकोळ दुरुस्ती करण्यात येत आहे.

"किरकोळ?" सुगंधा गरजली.

"मोठी," उत्तमराव म्हणाले. "नवघरच्या दवाखान्यात दर गुरुवारी मनाचे डॉक्टर. शिफारस आजच, या सर्वांच्या सहीने. नावानिशी."

ऑड्रे सही करायला सर्वांत आधी निघाली. सुगंधा मात्र जागची हलली नाही. तिच्यासमोर नीलेश जमिनीवर कोसळला होता, रामूच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडत होता. तिचा राग अजून गेला नव्हता. इतक्या वर्षांचा राग एका रविवारी जातो थोडाच! पण तिचा हात आपोआप धाकट्याच्या पाठीवर गेला.

"दादा, मला क्षमा कर! मी तुला जिवंतपणी पुसून टाकलं! तू मला घडवलंस आणि मी... तू मला मार, दादा! काहीतरी बोल! एकदा तरी बोल!"

संजना डोळ्याला पदर लावून होती. रामू वाकला, त्याने भावाच्या केसांवरून हळुवार हात फिरवला, आणि हलकेच म्हणाला,

"नील्या, जरा सरक ना. तुझा गुडघा माझ्या चपलेवर आहे."