रोज संध्याकाळी पाच वाजता मीठ

बाबांच्या चष्म्याची काडी तुटली होती आणि चष्म्याचं दुकान बंद होतं, म्हणून ती शेजारच्या शोभेच्या माशांच्या दुकानात शिरली... नुसतीच, वेळ काढायला. पाच मिनिटांत तिच्या डोक्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीने घर केलं. बाबा जहाजावरचे निवृत्त इंजिनियर. जमिनीवर आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसायचे. विचारलं तर ‘हूं’, नाहीतर तेही नाही. समुद्रच घरी आणला तर?

“मासे आजच हवेत,” ती म्हणाली.

“टाकी न्या, दगड न्या, मीठ न्या. मासा मात्र महिन्याने,” दुकानदार म्हणाला.

“दुकान माशांचंच ना तुमचं?”

“म्हणून तर! आधी पाणी मुरू द्या. मासा तक्रार करत नाही हो... सरळ मरतो.”

बोलता बोलता तो हसला. ती कवळ्या बनवायची. माणसं दातांवरून जोखायची. याचा डावा सुळा चांगलाच वाकडा होता, आणि तो सरळ करावा असं तिला अजिबात वाटलं नाही. लक्षण काही ठीक नव्हतं.

दर शनिवारी तो घरी पाणी तपासायला येऊ लागला. खारटपणा मोजायच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावायचा. ती त्याच्याकडे बघायची. बाबा दोघांकडे.

चौथ्या शनिवारी त्याने दुर्बीण पुसली, पुन्हा पाहिलं. मीठ भलतंच वाढलं होतं.

“पाणी रोज खाली जातं,” बाबा ऐटीत म्हणाले. “मी मिठाचं पाणी ओतून रेघेवर आणतो. रोज पाच वाजता. एक दिवस चुकलो नाही!”

तिने चटकन कपाटाकडे पाहिलं. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. वर घालायचं ते गोडं पाणी. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिने तशी चिठ्ठी कपाटावर चिकटवली होती. आता ‘चुकलात’ एवढा एक शब्द, की बाबा पुन्हा भिंतीकडे...

“काका, चूक माझी,” तो म्हणाला. “गोडं पाणी घालायचं, हे सांगायचंच राहिलं.”

“वा रे! तीस वर्षं समुद्रावर काढली मी. मला नीट सांगायला नको?”

“हवंच होतं. पण पाचची वेळ सोडू नका. इतकं नेमाने कुणी करत नाही.”

बाबांनी त्याला आणखी दहा मिनिटं झापलं. इतकं सलग ते वर्षभरात बोलले नव्हते.

दोन आठवड्यांनी पाणी ताळ्यावर आलं आणि टाकीत दोन केशरी मासे आले. बाबा खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसले. तो निघाला. ती दारापर्यंत आली.

“तुम्ही सांगितलं होतंत. चिठ्ठी आहे कपाटावर.”

“दिसली. अक्षर मोठं आहे तुमचं.”

“मग खोटं का बोललात?”

“काकांना रागवायला कुणीतरी हवं होतं.” एक बूट चढवत तो म्हणाला, “चला... आता शनिवारी यायचं काही कारण उरलं नाही.”

“थांबा. दोन गोष्टी सांगायच्यात. माझे बाबा मला परत मिळाले – फार, फार आभारी आहे.”

“आणि दुसरी?”

“ती जरा अवघड आहे...” तिने उंबऱ्याकडे पाहिलं, मग सरळ त्याच्याकडे. “तुम्ही मला आवडता.”

दुसरा बूट हातात धरून तो एका पायावर उभा होता. मग वाकला आणि घातलेला बूट काढून ठेवला.