आवडाबाईच्या लुगड्याचा रंग

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. मागून हसू फुटायचं नाय. कारण हे घडलंय खरं, अन् माझ्या सख्ख्या दिराच्या घरात.

औरंगपुऱ्याच्या मागच्या बोळीत. गेल्या माघात. ऐन दिवेलागणीला…

रामकिसन भाऊजी म्हंजी काळ्या-पांढऱ्या फोटूला हातानं रंग भरणारे. काडीला कापूस गुंडाळायचा, तेलरंगात टेकवायचा, अन् गालावरून असा फिरवायचा की फोटूतली म्हातारीबी लाजावी! निम्म्या शहराच्या नवरानवऱ्या त्यांनी रंगवल्या. पुढं मोबाइल आले, दुकान बसलं. मग त्यांची बायको, आवडाबाईबी देवाघरी गेली.

तिचा एकच फोटू. तोही बिनरंगाचा.

जन्मभर ती म्हणायची, "गावाला रंगवता, मला कधी?"

"तू काय पळून चाललीस?" भाऊजी म्हणायचे.

त्या सांजेला भाऊजी तिचा फोटू घेऊन बसले. पण लुगडं कंच्या रंगाचं होतं? काळ्या-पांढऱ्यात लाल अन् हिरवं सारखंच दिसतं. गिऱ्हाइकाला विचारता येतं. इथं कुणाला विचारायचं?

हिरवं भरलं. झोपले.

सकाळी लुगडं… कोरं. बाजूला हिरवा झालेला कापूस. घरभर रंग पुसायच्या टर्पेंटाइनचा वास.

निळं भरलं. तेबी पुसलेलं.

मग एका सांजेला रंगवलेला फोटू मागं ठेवून भिंतीकडं तोंड करून बसले. मागून आवाज आला…

सर्र… सर्र…

कापूस कागदावर फिरल्यावानी.

वळले नाहीत.

भ्याले? नाय हो! किती दिसांनी घरात कुणीतरी त्यांच्या कामाला नाक मुरडत होतं!

खरं सांगू? लुगडं डाळिंबी होतं, हे त्यांना एव्हाना आठवलं होतं. पण बरोबर रंग भरला अन् ती निघून गेली तर? म्हणून मुद्दाम चुकवायचे. "आज पोपटी करतो गं, बघ पसंत पडतंय का!" सकाळी पुसलेलं दिसलं की चहा लई गोड लागायचा.

मग वाळूजहून लेक आली, प्रेरणा. कंपनीला सुट्टी होती.

"बाबा, आईचं लुगडं पोपटी? डोळे दाखवून या आधी!"

अन् बाप आंघोळीला गेला तसं पोरीनं पोपटी पुसून डाळिंबी भरून टाकलं. हौसेनं. बापाचीच लेक, हात बसलेला.

दुसऱ्या सकाळी… डाळिंबीच.

कापूस कोरडा. वास नाय. आवाज नाय.

"आवडे… ए आवडे! चुकलंय गं ते, पूस की!"



लेक गेली. भाऊजींचं अन्न सुटलं. शेवटी त्यांनी स्वतःचा जवानीतला फोटू काढला. पांढऱ्या सदऱ्याला भडक गुलाबी फासला. गाल भरले, ओठ भरले. तिच्या फोटूला टेकवून ठेवला.

सकाळी गुलाबी सदरा तसाच.

पुसला होता… चेहरा.

हसत हसत मला सांगायला आले. "वहिनी, आली बघा! रुसली नव्हती."

"अहो, पण तोंड कशाला पुसलं तिनं?"

"बोलावत असंल."

परवा मी डबा घेऊन गेले. भाऊजी खिडकीत, उन्हात बसले होते. अंगावरची गोधडी रंगीत. भिंत रंगीत. तोंड मात्र…

गालाला लाली नाय. ओठाला नाय. जुन्या फोटूतल्यावानी, राखेच्या रंगाचं.

"भाऊजी, दवाखान्यात चला."

"तुमचा एखादा जुना फोटू द्या की, वहिनी. रंगवतो. तिला सोबत व्हईल."

मी डबा तिथंच टाकून आले.

जायला पाहिजे खरं. एकटेच असतात बिचारे…

एकटे असले तर.