डाव्या स्प्रिंगमधला कागद

“ए, थांबा! ती सीट न्हेऊ नका! अडवा रं तो टेम्पो!”

पिराजी आजोबा टेम्पोमागं धावत होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, एका पायात चप्पल आणि दुसरी मागं गॅरेजच्या दारात पडलेली! टेम्पोवाल्याला काही ऐकूच गेलं नाही. गंजलेले पत्रे, वाकलेले बंपर आणि एका जुन्या फियाटची मागची सीट घेऊन टेम्पो उद्यमनगरच्या कोपऱ्यावर वळला आणि दिसेनासा झाला. चहाच्या गाड्यावरची माणसं हसली.

“काका, पुरे करा आता! आत चला!” गॅरेजचे मालक उदयसिंह ओरडले. पिराजी त्यांचे सख्खे चुलते. “भंगार आहे ते! त्यात काय सोनं ठेवलंय?”

“सोनं न्हाय. कागद हाय.”

“झालं सुरू!” उदयसिंहांनी कपाळावर हात मारला आणि ते परत गाडीखाली शिरले.

समोरच्या गॅलरीतून बारा वर्षांची शांभवी हे सगळं बघत होती. गेले सहा दिवस ती दुसरं काही करतच नव्हती. गडहिंग्लजचं त्यांचं घर रिकामं झालं होतं. आईबाबा बेंगळुरूला नवं घर शोधत होते आणि तोवर तिला कोल्हापुरात स्नेहलआत्याकडे ठेवलं होतं. आत्या सकाळी बँकेत जायची, ती संध्याकाळी यायची. शेजारचे यशराज आणि तेजस्वी ही भावंडं पहिल्याच दिवशी तिला खेळायला बोलवायला आली होती. पण आजोबांबद्दल बोलता बोलता तिच्या तोंडून गडहिंग्लजकडचं “आमचे अज्जा” असं निघालं, आणि यशराज “अज्जा! अज्जा!” करत इतका हसला, की ती तशीच आत निघून गेली. ते पुन्हा आले नाहीत. गडहिंग्लजच्या मैत्रिणींना ती रोज फोन करायची. त्यांचं सगळं बोलणं तिथलंच असायचं, आणि शांभवी आता तिथली नव्हती. कालपासून तिनं फोन करणंही सोडलं होतं.

खाली रस्त्याच्या मधोमध आजोबा अजून तसेच उभे होते. रिक्षावाले त्यांना वळसा घालून जात होते. त्यांचा हात धरायला कुणीच गेलं नाही.

शांभवी धडाधड जिना उतरली. तिनं गॅरेजच्या दारातली चप्पल उचलली आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

“आजोबा, चप्पल घाला. पाय भाजतोय तुमचा!”

“तू कुणाची गं?”

“समोरच्यांची. पाहुणी आहे मी.”

“पावणी व्हय?” आजोबांनी तिच्याकडं नीट बघितलं. “मी बी पावणाच. तीस वर्सं मुंबईत पावणा, आता हितं पावणा.”

गॅरेजच्या पायरीवर बसल्यावर ते हळूहळू बोलायला लागले.

“मोटारींच्या कारखान्यात व्हतो मी. मागची सीट बसवायचो. टोकन नंबर चारशे बारा. हरेक गाडीसंगं एक कागद फिरायचा. नंबर कंचा, रंग कंचा, इंजिन कुणी बसवलं, दिवं कुणी लावलं. समद्यांच्या सह्या! वरचा कागद हापिसात जायचा. खालची कार्बनची नक्कल फेकून द्यायची. मी न्हाय फेकायचो. चार घड्या घालून सीटच्या स्प्रिंगमधी बांधायचो. डाव्या अंगाला, सुताच्या दोऱ्यानं.”

“पण का?”

आजोबांनी हवेतच दोरा बांधल्यासारखी बोटं फिरवली.

“गाडी कुठं जाणार, ठावं नसायचं. सांजचं खोलीवर एकलाच असायचो. वाटायचं, कुणाला तरी कधी तरी कळंल, ही कुणी केली ती.” मग एकदम त्यांनी गॅरेजमधल्या, मागची सीट काढलेल्या फियाटकडं बोट केलं. “सीट बसवणारी आमी दोघंच. एका पाळीला दुसरा, एका पाळीला मी. निम्म्या गाड्या माझ्या हातच्या. ही बी असंल! आन् ती हिरवी व्हती. ह्ये लाल रंग द्याया निघाल्यात!”

हात पुसत उदयसिंह बाहेर आले. ते वाईट नव्हते, दमलेले होते.

“मनावर घेऊ नकोस गं. काका तिथं कँटीनमध्ये होते असं वडील सांगायचे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही त्यांना, आणि तिकडच्या कथा मात्र रोज नव्या!”

“त्यांचे कारखान्याचे काही कागद नाहीत?”

“महापुरात गेले सगळे. घरात छातीएवढं पाणी होतं.” त्यांनी आवाज खाली आणला. “परवा हे स्टँडवर सापडले. मुंबईची गाडी कधी आहे म्हणून विचारत होते! कुणी बघायचं सारखं? रविवारी वृद्धाश्रमात पोचवतोय त्यांना.”

आजोबांना ऐकू गेलं होतं. ते पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले.

आज शुक्रवार होता.

शेजारच्या फाटकापाशी शांभवी बराच वेळ उभी राहिली. दोनदा कडीला हात लावला आणि मागं घेतला. अंगणात यशराज सायकलची चेन बसवत होता आणि तेजस्वी त्याला सूचना देत होती.

“मला तुमची मदत पाहिजे,” शांभवी एका दमात म्हणाली. “आणि हो, मी आजोबांना अज्जाच म्हणते! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर वेळ नाहीये!”

यशराजचे कान लाल झाले. तेजस्वीनं त्याला कोपरानं ढोसलं.

“हसत नाही,” तो पुटपुटला. “काय झालंय, सांग की!”

तिनं सगळं सांगितलं.

“म्हणजे कारखान्यातला कागद? इतक्या वर्षांपूर्वीचा? सीटच्या आत?” यशराज उडालाच. “लई भारी! आणि नसला तर?”

“नसला तर नसला!” तेजस्वी म्हणाली. “नाहीतरी सकाळपासून तू ती एकच चेन घालतोयस!”

“पण टेम्पो गेला कुठं, ते कसं कळणार?”

“मागं लिहिलंय त्याच्या. ‘धोंडुबाई स्क्रॅप, शिरोली नाका’,” शांभवी म्हणाली. “सहा दिवस गॅलरीत बसलं की सगळं पाठ होतं.”

यशराज आत गेला आणि आईची सायकल तिच्यासाठी घेऊन आला.

आत्यानं फोनवर आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. “रस्त्याच्या कडेकडेनं जा, आणि पोचल्याबरोबर फोन!”

मे महिन्याच्या उन्हात डांबर मऊ पडलं होतं. नाक्याच्या अलीकडंच त्यांना काळा धूर दिसला, आणि तिघांनीही जोरात पेडल मारायला सुरुवात केली.

भंगाराच्या आवारात एक उंच, काटक बाई हातात लोखंडी आकडा घेऊन उभी होती. समोर सीटचा काथ्या पेटला होता.

“काय पावणं, हिकडं कुठं?” धोंडुबाई गरजली.

“मावशी, ती आग थांबवा!” शांभवी ओरडली. “आज सकाळी उद्यमनगरातून सीट आली ना? फियाटची?”

“अकरा सीटा आल्या सकाळपास्नं. चार जाळल्या. कंची कुणाची, मला काय ठावं? जळून गेलं की समद्या सारख्याच!”

शांभवी उरलेल्या सीटांसमोर जाऊन उभी राहिली.

“मग उरलेल्या सात तरी जाळू नका!”

“अगं, जाळल्याबिगार स्प्रिंगा सुटत्यात व्हय? सांजच्याला लोखंड शिरोली एमआयडीसीत जायाचं हाय, फाउंड्रीत. वितळवायला!”

“आम्ही हातानं सोडवून देतो,” शांभवी म्हणाली. “सातही सीट! एक काडी काथ्या ठेवणार नाही.”

“सात?” यशराज कुजबुजला.

“सात!” तेजस्वीनं त्याच्या पायावर पाय दिला.

धोंडुबाई हसली. “हाताची सालटं निघतील, पोरांनो!”

“निघू देत!”

आणि खरंच निघाली. काथ्या तारांत असा गुंतला होता, की एकेक मूठ ओढून काढावी लागत होती. धुळीनं शिंका येऊन येऊन यशराजचे डोळे सुजले. सीटच्या पोटात काय काय निघालं! अर्धा कंगवा, फुटलेली बांगडी, एका लग्नाची पत्रिका, लहान मुलाचा मोजा.

“सापडला!” पाचव्या सीटपाशी तेजस्वी किंचाळली. तिघंही तुटून पडले. लाँड्रीची पावती होती ती.

सहावी झाली. सातवी उरली. शांभवीनं डाव्या कोपऱ्यात खांद्यापर्यंत हात घातला. काहीच नव्हतं. तिनं पुन्हा चाचपलं. नुसता भुसा.

“जळाली असेल त्या चारांत,” यशराज हलक्या आवाजात म्हणाला.

शांभवी तिथंच मातीत बसली. गॅलरीत परत जायचं, रविवारी आजोबांना रिक्षातून जाताना बघायचं, आणि मग आपणही जायचं. एवढंच.

“थांब!” ती ताडकन उठली. “आपण सीट उलटी टाकलीय! उलटी केली की डावी बाजू उजवीकडं जाते!”

यशराजनं दुसऱ्या कोपऱ्यातला गोणपाट टर्रकन फाडला. आत, दोन स्प्रिंगांच्या मध्ये, काळ्या पडलेल्या सुताच्या दोऱ्यानं बांधलेली एक तपकिरी घडी होती.

शांभवीनं एकेक घडी उलगडली. छापील इंग्रजी रकाने, त्यांत फिकट निळी कार्बनची अक्षरं. सगळ्यांच्या सह्या इंग्रजीत होत्या. एकच सही ठळक, वळणदार मराठीत होती. धोंडुबाईनं मान पुढं काढून ती वाचली.

“पि. रा. इंगवले. चारशे बारा.”

“चला! आजोबांना दाखवू!” तेजस्वी नाचायला लागली.

“नाही!” शांभवी म्हणाली. “आधी नाही दाखवायचा. दाखवला तर उदयकाका म्हणतील, कागद बघून कथा रचतात. आधी विचारायचं.”

“ह्या पोरीला डोस्कं हाय,” धोंडुबाई म्हणाली. तिनं कागदासाठी प्लॅस्टिकची पिशवी दिली आणि सीटचा सांगाडा टेम्पोतून परत पाठवायचं कबूल केलं.

गॅरेजमध्ये गाडीचे मालक राजवर्धन आले होते. जयसिंगपूरहून खास रंग पसंत करायला.

“पोरांनो, आत्ता नको! पाहुणे आलेत,” उदयसिंह म्हणाले.

“त्यांच्याच गाडीचं काम आहे!” यशराज ठणकावून म्हणाला.

शांभवी पायरीवर आजोबांशेजारी जाऊन बसली.

“अज्जा, तुमच्या पाळीत कोण कोण होतं?”

आजोबांनी डोळे मिटले. “इंजिनला शिवमूर्ती. आपल्याच हिकडचा, संकेश्वरचा. दिव्यांना फर्नांडिस. दरवाज्यांना शेख, लई गाणी म्हनायचा. रंगाला...” ते थांबले. कपाळावर आठ्या पडल्या.

“जाऊ दे गं,” उदयसिंह म्हणाले. “कशाला त्रास देतेस त्यांना?”

“रंगाला तिरलोटकर! डावखुरा व्हता.”

“आणि शेवटी तपासायला?”

आजोबांनी खूप वेळ विचार केला. मग मान खाली घातली. “न्हाय आठवत.”

शांभवीनं पिशवीतला कागद राजवर्धनांच्या हातात दिला. “तुम्ही वाचा. मोठ्यानं!”

“इंजिन, शिवमूर्ती,” राजवर्धन वाचू लागले. “दिवे, फर्नांडिस. दरवाजे, शेख. रंग, फिकट हिरवा, तिरलोटकर...” त्यांचा आवाज हळू होत गेला. “मागची सीट, पि. रा. इंगवले, टोकन चारशे बारा.”

“चेसिस नंबर वाचा! चेसिस नंबर!” बॉनेटमध्ये डोकं घालून तेजस्वी ओरडली. ते एकेक आकडा वाचत गेले आणि गाडीच्या पट्टीवर बोट ठेवून ती “बरोबर! बरोबर!” म्हणत गेली. शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर! यशराजनं दरवाज्याच्या बिजागरीपाशी खिळ्यानं खरवडलं. पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली हिरवा.

गॅरेजमधला ग्राइंडर बंद झाला. उदयसिंह कागदाकडं बघत होते.

“काका,” ते म्हणाले, “तुम्ही कधी बोलला नाहीत...”

“रोज बोलतोय की,” आजोबा म्हणाले.

उदयसिंह त्यांच्यासमोर खालीच बसले. “गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचं काय बिघडलंय ते सांगतो मी. आणि घरच्या माणसाचं एक अक्षर ऐकलं नाही!” त्यांनी डोळ्यांवरून बाही फिरवली. “रविवारचं रद्द. विसरलात तर विसरा. मी आहे की आठवण करायला. आणि पोरांनो, तुम्ही ऐकलंत. शाब्बास!”

“रंग हिरवाच द्यायचा,” राजवर्धन म्हणाले. “आणि पुढचं सगळं आजोबांना विचारून!” त्यांनी तिघांशीही मोठ्या माणसांसारखा हात मिळवला. शांभवी कळवळली. संध्याकाळी आत्यानं त्या हातांना खोबरेल लावताना आधी खूप रागावून घेतलं, मग तिला घट्ट जवळ घेतलं.

आजोबांनी त्या दिवशी शांभवीकडून सगळी नावं तीनदा वाचून घेतली. “शिवमूर्ती कुठं असंल, कुणास ठावं,” ते म्हणाले. कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या माणसांपैकी एकाचाही पत्ता आता कुणाकडं नव्हता.

पुढचे पंधरा दिवस गॅरेजमध्ये आजोबांचा हुकूम चालला. परत आलेल्या सांगाड्यावर नवा काथ्या भरून त्यांनी मागची सीट तयार केली, आणि तिघं मुलं त्यांच्या हाताखाली होती. कधी ते सगळ्यांची नावं विसरायचे, कधी शांभवीला शेख म्हणून हाक मारायचे. ती “ओ” द्यायची.

गाडी तयार झाली, त्याच दिवशी शांभवीची बॅगही भरून झाली. दुपारी बाबा तिला न्यायला येणार होते. राजवर्धन आले आणि एक फेरी मारून आणायला त्यांनी फिकट हिरव्या फियाटचं मागचं दार आजोबांसाठी उघडलं.

आजोबा हलेनात.

“बसा की!” यशराज म्हणाला.

“एवढी वर्सं बसवल्या ह्या सीटा,” आजोबा म्हणाले. “बसलो एकदाबी न्हाय. आमाला परवानगी नसायची. बसवायची, पुसायची, फुडची गाडी.”

शांभवी दुसऱ्या बाजूनं आत चढली आणि तिनं हात पुढं केला. तो धरून आजोबा हळूच, अगदी कडेला टेकले. मग मागं सरकले. गाडी निघाली. यशराज आणि तेजस्वी सायकलींवरून थोडं अंतर बरोबर आले आणि मग मागं पडले. कावळा नाका गेला. आजोबा खिडकीतून बाहेर बघत होते. शांभवी तिच्या खिडकीतून.

बऱ्याच वेळानं आजोबांनी सीटवर तळवा दाबून बघितला.

“मऊ हाय की गं,” ते म्हणाले.