शेवटच्या पानावरची सुटका

चावी सापडली तेव्हा निवृत्त फौजदार तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात घामाघूम होऊन बसले होते. कठड्याच्या खांबावरची पितळी बोंडी हलता हलत नव्हती. शेवटी ती फिरली, आणि आतल्या पोकळीतून चावी त्यांच्या तळहातावर पडली.

दारात उभी असलेली म्हातारी म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय तिथेच ना, साहेब?"

"तिथेच, मावशी."

एकोणीस वर्षांपूर्वी याच घरात तिच्या टायपिस्ट मुलीचा कुणीतरी गळा आवळला होता. दाराला बाहेरून कुलूप. एक चावी भावाच्या खिशात, मुलीची चावी गायब. तेव्हा याच फौजदारांनी भावाला धरलं. तो अजून तुरुंगात खितपत होता. आपले डोळे मिटायच्या आत त्याने घरी यावं, एवढंच म्हातारीचं मागणं होतं.

त्याच खुनावर एका नामवंत लेखकाने यंदा कादंबरी लिहिली होती. चार महिन्यांत ती घरोघरी पोचली. गायब चावीचा पत्ता पोलिसांच्या एकाही कागदात नव्हता, कादंबरीत होता.

"मुलगी याच लेखकाचं टायपिंग करायची?"

"हो. आणि उरल्या वेळात स्वतःचंही काहीबाही लिहायची. पण तुमच्या माणसांना तिचा एक कागद मिळाला नाही."

हे तेव्हा कसं खटकलं नाही, म्हणून फौजदार स्वतःवरच चरफडले. तसेच उठले आणि लेखकाच्या घरी गेले.

"चावीची जागा कुणी सांगितली?"

"सांगायला कशाला हवं? डोकं चालवलं."

फौजदारांनी चावी टेबलावर ठेवली. लेखकमहाशयांचं हसू मावळलं.

"खऱ्या खुनात एखादी गोष्ट अर्धवट राहतेच," फौजदार म्हणाले. "आम्हाला त्याची सवय असते. तुमच्या वाचकाला मात्र चावी कुठे गेली ते सांगावंच लागतं. अर्धवट सोडणं तुमच्या जिवावर आलं, तिथेच फसलात. तुमचं नाव जिच्यावर झालं, ती पहिली कादंबरी खरं तर त्या मुलीची होती. मुलगी त्याचा बोभाटा करणार होती. तुम्ही तिला मारलंत, कागद उचललेत आणि संशय घरच्यांवर जावा म्हणून तिच्याच चावीने कुलूप लावलंत. खाली पावलं वाजली, तशी अंगावर सापडू नये म्हणून चावी बोंडीत टाकलीत."

"झकास! पण कोर्टात काय? गेल्या वर्षी मी त्या भावाला तुरुंगात दोनदा भेटलो. नोंद आहे. जागा त्यानेच सांगितली, असं म्हणेन."

"आत्ता तर डोकं चालवलं म्हणालात!"

"ते फक्त तुम्ही ऐकलंत. आणि चावी काढताना पंच होते का हो, फौजदार?"

नव्हते. उभ्या नोकरीत पंचांशिवाय टाचणी न उचललेल्या माणसाने आज घाईघाईत बोंडी फिरवली होती. आता लेखकाच्या एका शब्दावर तीच चावी भावाला आणखी अडकवणार होती. फौजदारांना स्वतःची शिसारी आली.

ते पुन्हा तीन मजले चढले.

"सुटेल का हो तो?"

"नाही, मावशी. माझ्याच हाताने दोनदा अडकवला मी त्याला."

म्हातारीने उशाखालून ते पुस्तक काढलं.

"शेजारीण रोज वाचून दाखवते. आज तुम्ही वाचा. शेवटचंच पान. त्यात तो घरी येतो."

फौजदारांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.