आवाजाची प्रत

म्हापशाहून साखळीला जाणाऱ्या बसनं वळणावर कचकन ब्रेक मारला आणि माझ्या मांडीवरची पिशवी घसरली. शेजारच्या तरुणानं ती वरच्यावर झेलली. टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क अर्धी बाहेर आली होती.

"ही आधी पण पडली काय?" त्यानं विचारलं.

"काल... टेबलावरून."

"आणि लावली की टक टक वाजता?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"साखळीत माझं दुकान आसा. गेलेला डेटा काढून देतंय. साईश माझा नाव. आता परत लावू नकात — दर खेपेस आत ओरखडे पडतत."

मी ती काल कितीदा लावली होती, ते सांगायचा धीर झाला नाही.

त्या डिस्कमध्ये माझ्या आईचा आवाज होता. घशाच्या कॅन्सरसाठी स्वरयंत्र काढणार हे कळल्यापासून मी तिचं बोलणं रेकॉर्ड करत होते. ऑपरेशन झालं. आई वाचली, आवाज गेला. डिस्क पडल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं; कुणी दुरुस्त करून देईल का ते बघायला पेडण्याच्या घरातून गुपचूप निघाले होते.

दुकानात साईशनं डिस्क मशीनला जोडली, शेजारी दुसरी कोरी.

"आधी हिची जशीच्या तशी प्रत काढायची. क्लोन. चांगला भाग पहिला, दुखरा मागाहून. फाइली मग प्रतीत शोधायच्या."

"आणि ही मध्येच मेली तर?"

तो खोटं बोलला नाही. "तर जितक्या आला, तितक्याच आपला."

पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकू लागली. मी कधी पट्टीकडे, कधी त्याच्या हाताकडे बघत होते.

"अशा बघू नकात... हात थरथरता माझो."

"डिस्कमुळे?"

"डिस्की माका रोज मिळतत."

मी हसणार, तोच वीज गेली. यूपीएस किंचाळू लागला आणि डिस्कमधून ते आलं — टक... टक... मी साईशची बाही घट्ट धरली. त्यानं झटकन सगळं थांबवलं.

"थंड होवंदे."

ते थांबणं सर्वांत वाईट होतं. पुन्हा फिरली नाही तर? आईला काय सांगू? वीज आली, त्यानं बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही... मग बारीक घरघर. बाही अजून माझ्या मुठीत होती. त्यानं सोडवून घेतली नाही.

उन्हं कलताना प्रत झाली. न वाचता आलेल्या भागांचे काही ठिपके लालच राहिले. साईशनं पहिली फाइल लावली.

"कितक्या टेप करतंस गो सुविधा? माझो आवाज खंय पळान जाता?"

कुठं पळून जातोय, असं विचारणारा तोच आवाज. मी रडले. तो पाठ फिरवून उगाच स्क्रू निवडत बसला.

निघताना त्यानं आणखी एक प्रत काढून आपल्या खिशात टाकली. "दोन प्रती एका पिशवीत नेवच्यो नाय. मी येतंय पेडण्यापर्यंत."

"हा नियम आहे?"

"आजपासून."

घरी मी आईला सगळं सांगितलं, डिस्क पडल्याचंही. तिनं स्वतःचा आवाज डोळे मिटून ऐकला. मग माझा कान धरला, हलकेच. आणि दारात अवघडून उभ्या असलेल्या साईशकडे बघून भुवई उडवली — कोण?

दुरुस्तीवाला, असं म्हणता आलं असतं. दिवसभरात एवढी भीती मला वाटली नव्हती.

"आई, ह्यो साईश," मी म्हटलं. "माका आवडता."

तो जागचा हलला नाही. कान मात्र लाल झाले. आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग खुर्चीवरचे कपडे उचलले आणि खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.